दादासाहेबांच्या गळ्यात हार, भूमिहीनांच्या हातात नोटीस

गेल्या १५ ऑक्टोबरला एका तालुक्याच्या गावी दादासाहेब गायकवाड यांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. मलाही दोन शब्द बोलायला बोलावले होते. मंडप मोठा, साउंड सिस्टीम जोरदार. व्यासपीठामागच्या बॅनरवर ठळक अक्षरात लिहिले होते, ‘थोर समाजसेवक कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना विनम्र अभिवादन’. फोटो मात्र कर्मवीर भाऊराव पाटलांचा. दोघेही कर्मवीर आणि दोघांचेही नाव भाऊराव, त्यामुळे बॅनर छापणाऱ्या पोराची गल्लत झाली असावी. कुणाच्या तरी लक्षात आले आणि त्या फोटोवर घाईघाईने एक मोठा हार टांगण्यात आला. कार्यक्रम पार पडला. समाजसेवेबद्दल अकरा जणांना शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देण्यात आले. त्यात एक ठेकेदार होते, एक पतसंस्थेचे चेअरमन होते.

मंडपाच्या शेवटच्या रांगेत एक म्हातारे बाबा प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे आले आणि त्यांनी पिशवीतून कागद काढले. तहसील कार्यालयाची नोटीस होती. गायरानावरचे त्यांचे अतिक्रमण का काढू नये, याचा खुलासा मागितला होता. त्यांचे वडील दादासाहेबांच्या भूमिहीन सत्याग्रहात जेलमध्ये गेले होते. सुटून आल्यावर त्यांनी गायरानाचा तुकडा फोडला, दगड वेचले, आणि तेव्हापासून हे कुटुंब ती जमीन कसते आहे. सातबारावर आजही ‘सरकार’ आहे.

दादासाहेबांच्या नावाने अकरा सत्कार झाले, आणि दादासाहेब ज्या माणसासाठी जेलमध्ये गेले त्याचा मुलगा शेवटच्या रांगेत नोटीस घेऊन बसला होता. आयोजक आपलेच कार्यकर्ते आहेत, मनाने चांगले आहेत. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. भांडण आहे ते ‘समाजसेवक’ या शब्दाशी.

समाजसेवक म्हणजे आपल्याजवळचे थोडे दुसऱ्याला देणारा. त्याने दिले तर लोकांनी आभार मानायचे, नाही दिले तर गप्प बसायचे. दादासाहेबांनी आयुष्यभर असे काही केले नाही. त्यांनी मागितले, आणि जे मागितले ते मागणाऱ्याच्या हक्काचे होते. दान आणि हक्क यांतला हा फरक पुसला गेला की दादासाहेबांचा फोटो कुठल्याही पक्षाच्या व्यासपीठावर लावता येतो आणि त्यांची मागणी मंडपाबाहेर ठेवता येते. सत्तेला असे दादासाहेब फार सोयीचे पडतात. म्हणून त्यांचा खरा इतिहास तरुण कार्यकर्त्यांना ठाऊक असायला हवा.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले ते काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे चारही दरवाजे बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या त्या दरवाजांसमोर बसू लागल्या. पहिल्या तुकड्यांत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले, आले, पुन्हा गेले. इकडे सत्याग्रह धगधगत ठेवणे, तुकड्या जमवणे, खटले अंगावर घेणे, खेड्यापाड्यांतून मूठमूठ धान्य आणि आणा-दोन आणे गोळा करणे, हा सगळा भार दादासाहेबांनी वाहिला. त्या काळात बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. ती वाचावीत. त्यांत नेता आणि अनुयायी फारसे दिसत नाहीत. एकाच गाड्याला जुंपलेले दोघे दिसतात.

पण काळाराम सत्याग्रहाचा जो भाग आपल्या भाषणांत कधीच येत नाही, तो मला महत्त्वाचा वाटतो. नाशिक शहरात सत्याग्रही दगड खात होते, तेव्हा जिल्ह्यातल्या गावांत त्यांच्या नातेवाइकांवर बहिष्कार पडत होता. दुकानदार मीठ-मिरची देईना. रस्ते बंद, शाळा बंद, शेतावरचे काम बंद. देवळाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला गावाने कशाने मारले? मजुरी तोडून मारले. जमीन त्यांची, विहीर त्यांची, चारा त्यांचा, आणि आपण त्यांच्या बांधावर. ज्याच्या बांधावर राबल्याशिवाय रात्रीची चूल पेटत नाही, त्याच्याशी समानतेची भाषा किती दिवस बोलता येईल? हा धडा दादासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात डोळ्यांनी पाहिला. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी ते भूमिहीनांचे पुढारी झाले, त्याचे मूळ मला या बहिष्कारात दिसते.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह आता थांबवावा असे कळवले. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा लढा सुरू केला नव्हता, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केला होता, आता सगळी शक्ती राजकारण आणि शिक्षण यांवर लावावी, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, त्याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. देवळाचा दरवाजा आपण स्वतःहून सोडला. गावातल्या जमिनीचा प्रश्न मात्र सोडता येण्यासारखा नव्हता.

बाबासाहेबांच्या राजकारणात जमीन पहिल्यापासून आहे. १९ मार्च १९२८ ला त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनात सुधारणा करणारे बिल मांडले. स्वतंत्र मजूर पक्ष निघाल्यावर सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे बिल आणले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या कुळांचा प्रचंड मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. दादासाहेब १९३७ मध्ये याच पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले होते. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला महार, मांग, वेठियांची परिषद झाली, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यात सिन्नरला, वतनी जमिनीवर सरकारने वाढवलेल्या जुडीच्या विरोधात. वतन हा एक विचित्र सापळा होता. थोडीशी इनामी जमीन द्यायची, आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस गावकीची फुकट चाकरी करून घ्यायची. वर तिच्यावर जुडी वाढवायची. वतन तोडले तर गुलामी जाते, पण पायाखालचा तेवढा तुकडाही जातो. म्हणून वतन रद्द करा आणि जमीन आमच्या नावावर करा, अशी दुहेरी मागणी होती.

१९५८ च्या कायद्याने वतने रद्द झाली. त्यांतल्या जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्याला परत मिळणार होत्या. कायद्याच्या पुस्तकात ही रक्कम फार मोठी दिसत नाही. पण तलाठ्याचा कागद वाचता न येणाऱ्याला मुदत कोण सांगणार? शहरांच्या कडेला असलेल्या वतनी जमिनी पुढे कुणाकुणाच्या घशात गेल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता गटागटाने कसायला द्यावी, अशी मांडणी केली होती. ती संविधानात आली नाही. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणातून शिकलेल्यांनी धोका दिल्याची खंत आपण वारंवार सांगतो. त्याच भाषणात त्यांनी खेड्यातल्या भूमिहीन मजुरांची काळजी बोलून दाखवली होती, ती मात्र क्वचितच सांगतो.

ती काळजी दादासाहेबांनी उचलली.

१९५३ मध्ये मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याखाली पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला होता. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांच्या आत तो फुटलाही. एकीकडे बी. सी. कांबळे, दादासाहेब रूपवते यांचा ‘दुरुस्त’ गट, दुसरीकडे दादासाहेबांचा. त्यांच्या गटाला विरोधकांनी ‘नादुरुस्त’ म्हणून हिणवले. वाद काय होता? वरवर पाहता घटनात्मक मार्ग की रस्त्यावरची लढाई, आणि डाव्यांबरोबर किती जायचे, हा. आत खोलवर मात्र आणखी काहीतरी होते. धोतर नेसणारा, पदवी नसलेला, खेडवळ मराठी बोलणारा माणूस बाबासाहेबांच्या जागी नेता म्हणून बसतो, हे सूट घातलेल्या शिकलेल्या वर्गाला पचत नव्हते. मी दुरुस्त गटाला सरसकट चूक म्हणणार नाही. बी. सी. कांबळे मोठे अभ्यासू होते, आणि संविधानाचे राजकारण आपले आहे ही त्यांची भूमिका बिनबुडाची नव्हती. पण नोकरी आणि राखीव जागा डोळ्यांसमोर असणाऱ्यांना जमिनीचा प्रश्न कम्युनिस्टांचा वाटला, आणि खेड्यात राहिलेल्यांना तो पोटाचा वाटला. आपल्या चळवळीतली ही फट अजून बुजलेली नाही.

१९५९ मध्ये खानदेश, नाशिक, नगर, मराठवाडा या भागांत दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह पेटला. पद्धत साधी होती. गावातली सरकारी पडीक जमीन हेरायची, निळा झेंडा घेऊन तिच्यावर जायचे, नांगर धरायचा आणि अटक करून घ्यायची. एक तुकडी उचलली की दुसरी तयार. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. आश्वासने मिळाली. १९६१ मध्ये महाराष्ट्राने कमाल जमीन धारणेचा कायदा केला. तो केवळ या सत्याग्रहामुळे झाला असा दावा कोणी करू नये, त्यामागे अखिल भारतीय पातळीवरची धोरणे होती. पण पडीक आणि अतिरिक्त जमिनीवर भूमिहीनाचा हक्क आहे ही गोष्ट फायलीत लिहिली गेली, त्याआधी ती बांधावर सांगितली गेली होती एवढे खरे.

मोठा लढा आला तो १९६४ मध्ये. १ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दहा मागण्यांचे निवेदन दिले, आणि ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर सत्याग्रह सुरू केला. या दहा मागण्या पाठ असाव्यात अशा आहेत. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये लावा. जमीन कसणाऱ्याला द्या. पडीक आणि अतिरिक्त जमीन भूमिहीनांना वाटा. धान्याचे वाटप नीट करा आणि भाव आवरा. झोपडपट्टीत राहणाऱ्यांची सोय करा. किमान वेतनाचा कायदा अमलात आणा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. दलितांवरचे अत्याचार थांबवा. अस्पृश्यताविरोधी कायदा कडकपणे राबवा. नोकऱ्यांतल्या राखीव जागा १९७० पर्यंत भरा.

हे निवेदन कोणत्या समाजसेवकाचे वाटते? यात एका जातीपुरते काय आहे? रेशनच्या रांगेतली बाई, झोपडपट्टीतला हमाल, किमान वेतन न मिळणारा कोणत्याही जातीचा मजूर, सगळे यात आहेत. सत्याग्रह महाराष्ट्रापुरता राहिला नाही. उत्तर प्रदेशात बी. पी. मौर्य आणि त्यांचे कार्यकर्ते उतरले, पंजाबात लोक उतरले. चळवळीतल्या नोंदींप्रमाणे दोन-सव्वादोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. महाराष्ट्रात बायका मोठ्या संख्येने होत्या. नाशिकच्या शांताबाई दाणी त्यांत अग्रभागी होत्या. आजच्या बॅनरवर शांताबाईंचा फोटो शोधून सापडत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. ज्यांच्या घरात उद्याची भाकर नक्की नाही त्यांनी पंधरा-पंधरा दिवसांची मजुरी बुडवून जेलमध्ये जाणे काय असते, ते महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या आपल्याला चटकन कळणार नाही. फेब्रुवारी १९६५ मध्ये केंद्र सरकारशी बोलणी होऊन सत्याग्रह मागे घेण्यात आला. सरकारने मागण्या तत्त्वतः मान्य केल्या.

तत्त्वतः! या शब्दाचा पुढे काय इतिहास झाला ते पाहू. बाबासाहेबांचा पुतळा २ एप्रिल १९६७ ला संसदेच्या आवारात उभा राहिला. सेंट्रल हॉलमधले तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० ला, मागणीनंतर पंचवीस वर्षांनी. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही १९९० मध्येच मिळाल्या. म्हणजे चित्र आले, पुतळा आला, सवलती उशिरा का होईना आल्या. जमिनीची मागणी तेवढी मागे राहिली. ज्या मागण्यांनी कुणाच्या मालकीची एक गुंठाही जमीन हलणार नव्हती, त्या पूर्ण झाल्या. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. प्रतीके आपल्याला हवीच होती, त्यांसाठीही आपण लढलो, आणि सेंट्रल हॉलमधल्या त्या चित्राकडे पाहताना छाती भरून येते. पण त्याच निवेदनातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीकडे पाहून ती भरून येत नाही.

आता अडचणीच्या भागाकडे येऊ. तो टाळून दादासाहेबांवर लिहिणे म्हणजे पुन्हा हार घालणेच होईल. १९६७ च्या सुमारास दादासाहेबांच्या गटाने काँग्रेसशी युती केली. १९६८ मध्ये त्यांची राज्यसभेची मुदत संपली, आणि त्याच वर्षी त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. विरोधकांनी या दोन गोष्टी जोडल्या. तीन लाख माणसे जेलमध्ये नेणारा नेता दोन वर्षांत सत्ताधाऱ्यांच्या पंगतीला कसा बसला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला पाहिजे. माझे मत असे की युती ही राजकीय चूक होती. तिने पक्षाला जिल्हा परिषदांत चार खुर्च्या मिळाल्या असतील, पण रस्त्यावरची ताकद बोथट झाली. पुढे रिपब्लिकन गटांची जी वाताहत झाली, प्रत्येक गट कुणाच्या ना कुणाच्या दारात उभा राहिला, त्याचा रस्ता इथून सुरू होतो. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ ला दिल्लीत गेले, आणि पुढच्याच वर्षी तरुणांनी दलित पँथर काढली ती याच पुढाऱ्यांवरच्या संतापातून. पण माणूस विकला गेला, हा आरोप मला मान्य नाही. १९३० पासून १९६५ पर्यंत पस्तीस वर्षे जो माणूस खटले, लाठ्या आणि तुरुंग यांत काढतो, त्याने उतारवयात आपल्या लोकांच्या पदरात काहीतरी पडावे म्हणून तडजोड केली असेल. तिला चूक म्हणावे. गद्दारी म्हणू नये.

आणि ‘पद्मश्री’? बाबासाहेबांना भारतरत्न मिळायला १९९० उजाडले. त्यांच्या सैनिकाला पद्मश्री मिळाली ती कशासाठी? सरकारी भाषेत समाजकार्यासाठी. ज्या कामासाठी तीन वर्षांपूर्वी त्यांच्या माणसांना अटक झाली, तेच काम आता समाजकार्य ठरले. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले. नाशिकमध्ये त्यांच्या नावाचे सभागृह आहे. सामाजिक न्याय विभाग त्यांच्या नावाने संस्थांना पुरस्कार देतो. हे सगळे व्हावे. पण या सगळ्यांत सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे ती २००४ ची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना.

दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची, ही ती योजना. सुरुवातीला निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान झाले, आणि दराची मर्यादा जिरायतीला एकरी पाच लाख व बागायतीला आठ लाख करण्यात आली. ज्या कुटुंबांना जमीन मिळाली त्यांचे जगणे बदलले आहे. अशी घरे मी पाहिली आहेत आणि योजनेची टिंगल करणार नाही. अर्ज करण्याच्या लायकीचे कुणी वस्तीत असेल तर त्याचा अर्ज जरूर भरून घ्या.

पण योजनेची रचना पाहा. जमीन आणायची कुठून? सरकारने ती खाजगी मालकाकडून विकत घ्यायची. मालक तयार असला पाहिजे, गावात विकाऊ जमीन असली पाहिजे, आणि ती ठरलेल्या दरात बसली पाहिजे. रस्त्याकाठची, पाण्याची जमीन त्या दरात कोण देतो? जी देतात ती खडकाळ, उताराची, गावापासून लांबची. बहुतेक ठिकाणी घोडे इथेच अडते. दादासाहेबांनी काय मागितले होते? सरकारच्या ताब्यातली पडीक जमीन आणि सीलिंगमधून निघणारी अतिरिक्त जमीन. ती मागणी सत्तेच्या आणि मोठ्या जमीनदाराच्या विरोधात जाणारी होती. योजनेत मोठ्या जमीनदाराचे काहीच जात नाही, उलट त्याला सरकारी तिजोरीतून रोख पैसे मिळतात. दादासाहेबांचे नाव घेऊन त्यांच्या मागणीला असे उलटे करून ठेवले आहे.

आणि जी सरकारी जमीन त्यांनी दाखवली होती, जिच्यावर त्यांची माणसे खरोखर गेली, तिचे काय? मराठवाड्यात आणि इतरत्र हजारो कुटुंबे गायरान कसत राहिली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अनुसूचित जाती-जमातींची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. काहींच्या नावावर जमिनी झाल्या, अनेकांचे प्रस्ताव तहसीलमध्ये धूळ खात पडले. मग २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला, १२ जुलै २०११ ला राज्याने गायरानावरची अतिक्रमणे काढण्याचा निर्णय काढला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतल्यावर गावोगाव नोटिसा गेल्या.

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट नीट वाचावी. जगपाल सिंग निकाल हा गाव-पंचायतीची जमीन हडपणाऱ्या धनदांडग्यांच्या विरोधातला आहे, आणि त्यातच अपवादही लिहिला आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा दिला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. नोटीस बजावणारा अधिकारी हे सांगत नाही. १९९१ चा शासन निर्णयही दाखवत नाही. ज्याच्या हातात नोटीस पडते त्याच्याकडे वकील नसतो. आपल्यातले जे वकील आहेत, त्यांतले किती जण तालुक्याच्या ठिकाणी गायरानाची केस घेतात?

त्या बाबांच्या पिशवीत नोटिशीखाली आणखी काही कागद होते. तलाठ्याने वेळोवेळी केलेल्या दंडाच्या पावत्या. सगळ्यांत जुनी १९८० च्या आसपासची, अर्धी वाळवीने खाल्लेली. बाबांना वाटत होते की दंडाची पावती म्हणजे गुन्ह्याचा पुरावा, म्हणून ते ती कुणाला दाखवत नव्हते. खरे तर त्या वर्षी ती जमीन त्यांच्याच कब्जात होती, याचा सरकारच्या सहीचा पुरावा तीच. गावात अतिक्रमणाची नोंद ठेवणारा गाव नमुना १-ई असतो, त्यातही कब्जाचे वर्ष मिळते. अशी नक्कल काढता येते हे बाबांना कुणी सांगितलेच नव्हते. त्या अकरा सत्कारमूर्तींपैकी तिघे तरी त्यांच्याच गावचे होते.

पुढच्या सोमवारी गावातली दोन पोरे त्यांच्याबरोबर तहसीलला गेली. १-ई चा अर्ज दिला, जुन्या पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या, आणि नोटिशीला लेखी उत्तर म्हणून १९९१ च्या शासन निर्णयाचा हवाला देऊन नियमितीकरणाचा अर्ज पोच घेऊन दाखल केला. नकलेसाठी आठ दिवसांनी यायला सांगितले. आठ दिवसांनी साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या खेपेला नक्कल मिळाली. वडिलांचे नाव तिच्यात आहे, गट नंबर आहे, क्षेत्र आहे, आणि कब्जाच्या वर्षाच्या रकान्यात १९७९ लिहिले आहे. बाबा म्हणतात ते खोटे आहे, आम्ही त्याच्या किती तरी आधीपासून कसतो. पण एकदा नोंद झालेले ते वर्षसुद्धा त्या शासन निर्णयाच्या मुदतीत बसते. सुनावणीची तारीख लागायची आहे.